सेट ऐकतो पण बोलत नाही? बॅटरीला दोष देण्याआधी मीटर लावा



बंदीच्या दिवसांत इंजिन उघडलं जातं, बोटीला रंग लागतो, जाळी दुरुस्त होतात. वायरिंगकडे मात्र कोणी बघत नाही. "ते वायरमनचं काम" म्हणून सोडून देतो. मला हे पटत नाही. बोटीतली वीज मोजता येणं हे नाखवा आणि तांडेल दोघांचं काम आहे, आणि त्याचं गणित मासळीच्या वाटणीच्या हिशोबापेक्षा सोपं आहे.

एक तक्रार पुष्कळ ऐकू येते. व्हीएचएफ सेटवर दुसऱ्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं, पण आपण बटण दाबून बोलायला गेलो की सेट बंद पडतो किंवा समोरच्याला काही ऐकू जात नाही. मग "बॅटरी गेली" म्हणून नवी बॅटरी येते. आठवडाभराने पुन्हा तेच.

असं का होतं ते बघा. नुसतं ऐकताना सेट अर्धा ॲम्पियरच्या आसपास करंट घेतो. २५ वॅटवर बोलताना तोच ५ ते ६ ॲम्पियर ओढतो. आता बटण दाबून ठेवा आणि मीटरने दोन ठिकाणी व्होल्ट मोजा, एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा सेटच्या मागे. समजा बॅटरीवर १२.४ आले आणि सेटवर १०. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेतच गेले. करंट ६ ॲम्पियर असेल तर २.४ भागिले ६, म्हणजे वाटेतला रेझिस्टन्स ०.४ ओहम. जर्मनीतल्या ओम नावाच्या शिक्षकाने १८२७ मध्ये हाच नियम छापला. व्होल्टला ॲम्पियरने भागलं की ओहम, आणि व्होल्टला ॲम्पियरने गुणलं की वॅट. एवढंच.

ऐकताना याच ०.४ ओहममध्ये फक्त ०.२ व्होल्ट जातात, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. बोलताना जातात २.४. नेमकी मदत मागायची वेळ येते तेव्हाच सेट दगा देतो. आपल्याकडे तापीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा केवढा असतो आणि हजीराच्या बंदराकडे मोठी जहाजं कशी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. रात्री इंजिन बंद पडून बोट जहाजाच्या वाटेत वाहत गेली, तर १६ नंबरवर आवाज गेलाच पाहिजे. (तपासणी मात्र १६ वर करू नका, दुसऱ्या चॅनलवर थोडक्यात करा.)

काही जण म्हणतील, मोठी बॅटरी घेतो. घ्या, पण १२ व्होल्टची बॅटरी कितीही मोठी घेतली तरी ती १२ व्होल्टचीच. वाटेतले ०.४ ओहम तिथेच राहतात. खरा खर्च वायरवर करायला हवा. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०१८ ओहम धरते. सेट ८ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १६ मीटर होतात, म्हणजे ०.२९ ओहम. ६ ॲम्पियरला पावणेदोन व्होल्ट गेले. तेच ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर अर्धा व्होल्टही जात नाही. दुकानदार "चालेल हो" म्हणतो, त्याला बोटीवर जायचं नसतं.

उरलेला रेझिस्टन्स जोडात असतो. पिळून टेप मारलेला जोड खाऱ्या हवेत हिरवा पडतो. वरच्या हिशोबात २.४ गुणिले ६, म्हणजे १४.४ वॅट उष्णता झाली. ही सगळी बोटाच्या पेराएवढ्या एका जोडात निघाली तर? सोल्डरिंगची लहान इस्त्री २५ वॅटची असते, यावरून अंदाज करा. शेजारी फोम, डिझेलचे बोळे. आणि फ्यूज वाचवेल या भरवशावर राहू नका. करंट ६ ॲम्पियरच आहे, १० चा फ्यूज कशाला उडेल?

इन्व्हर्टर घेणाऱ्यांनी तर आधी भागाकार करावा. ५०० वॅट भागिले १२, जवळपास ४२ ॲम्पियर. त्याला दिव्याची वायर जोडणं म्हणजे आग लावणंच.

मीटर वापरताना तीन गोष्टी सांभाळा. ओहमवर ठेवलेला मीटर चालू वायरला लावायचा नाही. ॲम्पियरवर ठेवलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावायचा नाही, तो वायरच्या मध्ये जोडायचा. आणि स्टार्टरचा करंट त्याच्यावर मोजायचा नाही, तो शेकड्यांत जातो आणि साध्या मीटरची हद्द १० ॲम्पियरची. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी मोजतो का ते विचारून घ्या, बरेच स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात.

माझं म्हणणं असं, की बंदी उठण्याआधी प्रत्येक बोटीवर सेट, मास्टचा दिवा, जीपीएस आणि पंप चालू ठेवून बॅटरीवरचे व्होल्ट आणि त्या-त्या जागचे व्होल्ट वहीत लिहावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तिथे जोड उघडावा. संस्थेचा मीटर ऑफिसात आहे, सही करून न्या आणि संध्याकाळी परत आणा. भागाकार अडला तर घरातल्या नववी-दहावीच्या पोराला सोबत घ्या, त्याच्या पुस्तकात हेच आहे.