यंत्रमाग, धूळ आणि छातीची तपासणी

मोसम व गिरणा या नद्यांच्या काठी वसलेल्या मालेगावचे अर्थकारण यंत्रमागावर चालते, हे सर्वश्रुत आहे. मात्र मागाजवळ बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांचा हिशेब कोणत्याही खतावणीत आढळत नाही. कोंदट जागा आणि दाटीची वस्ती यांमुळे त्याला क्षयाचे भय असते; सुताच्या धुळीमुळे बिसिनोसिस या श्वसनविकाराचे. दोहोंत खोकला व धाप आढळत असली, तरी त्यांच्या तपासणीच्या पद्धती भिन्न आहेत.

क्षयासाठी सरसकट क्ष-किरण तपासणीचा मार्ग सोडून द्यावा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 1974 साली दिला होता. खोकणारा रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येईल व त्याची थुंकी तपासता येईल, ही त्यामागील अपेक्षा होती. भारतात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने या अपेक्षेला धक्का दिला. लक्षणे असलेल्यांपैकी 64 टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेलेले नव्हते. आणि क्ष-किरण चित्रे काढली नसती, तर सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 43 टक्के निसटले असते. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत क्ष-किरण यंत्रे वस्त्यांपर्यंत नेण्यात आली, ती याच अनुभवामुळे. पुरावा बदलला की धोरण बदलावे, यात कमीपणा नाही.

परंतु एवढ्याने मालेगावचा प्रश्न सुटत नाही. बिसिनोसिसमध्ये क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष दिसते. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, ही त्याची प्रारंभीची खूण. लँकेशायरच्या गिरण्यांत तो दिवस सोमवार होता, म्हणून वैद्यकीय प्रश्नावलीतही सोमवारच आला. मालेगावात माग शुक्रवारी थांबतात. येथे सोमवारविषयी विचारणाऱ्यास 'त्रास नाही' असेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक, आणि आजारी कामगार निरोगी ठरावयाचा! स्पायरोमीटरने श्वासाचे मोजमाप व्हावयाचे तर ते शनिवारी, पाळीपूर्वी आणि पाळीनंतर व्हावयास हवे.

हा रोग कायद्याने भरपाईस पात्र व्यावसायिक रोग मानला आहे. तथापि हक्क सिद्ध करण्यास वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि ती ठेवणार कोण? विजेवर चालणाऱ्या कारखान्यात वीस कामगार नसतील, तर तो कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. छोटे कारखाने अशा रीतीने कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय मजुरी विणलेल्या कापडावर मिळत असल्याने दवाखान्यात घालविलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. नफा तुटपुंजा आहे, हे मालकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही; पण म्हणून धुळीची किंमत एकट्या कामगाराने श्वासाने चुकवावी, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

तेव्हा एखाद्या दिवसाचे शिबिर आणि त्याचे उद्घाटन एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. महानगरपालिका, शासन आणि मालकांच्या संघटना यांनी खर्च वाटून घ्यावा, तपासणी मागाच्या दारी न्यावी, त्याच कामगाराची नोंद दरवर्षी करावी आणि तिची प्रत त्याच्या हाती द्यावी. रोग ध्यानी येण्यापूर्वी श्वास किती घटला, हे त्या नोंदीवाचून कळणार नाही.