तुतीच्या पानामागचे दहा दिवस

जालन्यात कोषांची बाजारपेठ उभी राहिली आणि मराठवाड्यातले अनेक शेतकरी रेशमाकडे वळले. तुतीच्या बागा वाढल्या, पण त्या बागांवर उन्हाळ्यात वाढणाऱ्या लाल कोळीकडे आपण अजून पुरेशा गांभीर्याने पाहत नाही. ही बेफिकिरी महागात पडेल.

कोळी हा कीटक नव्हे. तो अर्ध्या मिलिमीटरचा, आठ पायांचा जीव आहे. मादी पानाच्या खालच्या बाजूला, शिरांलगत अंडी घालते. अंड्यातून सहा पायांची अळी निघते, पुढे आठ पायांच्या दोन बाल्यावस्था येतात आणि मग प्रौढ. दर अवस्थेनंतर कात टाकण्याआधी तो काही काळ निश्चल पडून राहतो. थंडीत या चक्राला तीन आठवडेही लागतात. तीस अंशांच्या आसपास, कोरड्या हवेत, आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालते. मीलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतून फक्त नर निपजतात, त्यामुळे वाऱ्याबरोबर आलेली एकटी मादीसुद्धा बागेत वंश सुरू करू शकते.

आता हा हिशेब तुतीच्या वेळापत्रकाशी लावून पाहा. छाटणीनंतर पाला तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात. तेवढ्यात उन्हाळ्यात कोळीच्या पाच-सहा पिढ्या होऊन जातात. पानावर पांढुरके ठिपके आणि बारीक जाळी दिसते तेव्हा आपण फार उशिरा पोहोचलेले असतो. अशा पानातले पाणी आणि प्रथिने घटतात, आणि शेवटच्या अवस्थेतल्या रेशीम अळ्यांना, ज्या एकूण पाल्याचा मोठा वाटा खातात, तोच निकस पाला मिळतो.

मग फवारणीची घाई होते. खरा धोका इथे आहे. अंडी आणि निश्चल अवस्था बहुतेक औषधांतून निभावून जातात, त्यामुळे आठवड्यात बाग पुन्हा भरते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारले तर कोळी खाणारे भुंगेरे आणि शिकारी कोळी आधी मरतात, आणि कीड उलट वाढते. तुतीवरही जगणाऱ्या दोन ठिपक्यांच्या कोळीने तर नव्वदहून अधिक औषधी घटकांना प्रतिकार दाखवला आहे. शिवाय रेशीम अळी स्वतः औषधांना अतिशय नाजूक असते. अबामेक्टिनसारख्या कोळीनाशकाचा अंशही तिला घातक ठरतो. शेजारच्या कापसावरून उडून आलेला फवाराही संगोपनगृहातली बॅच बुडवू शकतो.

डायकोफॉल हे कोळीवरचे जुने औषध 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेले. जुनी सवय म्हणून त्याच्या बाटलीकडे हात जात असेल, तर तो थांबवायला हवा.

रेशीम उत्पादकांना कळकळीची विनंती आहे: छाटणीनंतर नवा पाला फुटताच आठवड्यातून एकदा भिंग घेऊन पानांची मागची बाजू पाहा. सुरुवातीला ग्रासलेली पाने तोडून नष्ट करा, पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून मारा आणि बाग कोरडी पडू देऊ नका. रसायन वापरावेच लागले, तर आधी रेशीम कार्यालयाकडून सुरक्षित काळ विचारून घ्या आणि तो संपेपर्यंत तो पाला अळ्यांना घालू नका.