नावामुळे बदनाम झालेले वाघूळ

एखाद्यास वाईट नाव द्यावे आणि मग त्या नावाबद्दलच त्यास शिक्षा करावी, हा अन्याय मनुष्यांप्रमाणे मुक्या प्राण्यांच्या वाट्यासही येतो. आपल्या देशातील एक मोठ्या कानांचे वाघूळ ह्याचे ठळक उदाहरण होय. एतियेन जोफ्रुआ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१० साली त्याचे वर्णन केले. आज शास्त्रात त्यास 'लायरोडर्मा लायरा' म्हणतात. इंग्रजीत मात्र ते 'खोटे व्हँपायर', म्हणजे खोटे रक्तपिपासू, ह्या नावाने ओळखले जाते. अशी उग्र मुद्रेची वाघळे रक्त पितात, असे पूर्वी मानीत. तो समज गेला, नाव राहिले.

रक्तावर जगणाऱ्या वाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, आणि त्या सर्व अमेरिका खंडात. हिंदुस्थानात एकही नाही.

आपले हे वाघूळ दिवसा लेण्यांत, जुन्या देवळांत, पडक्या वाड्यांत लटकून राहते. कान कपाळावर एकमेकांस जुळलेले, नाकावर उभे पान, शेपूट दिसतच नाही. रात्री ते जमिनीलगत उडते आणि पाचोळ्यातील बारीकशी खसखसही कानांनी टिपते. मोठे किडे, बेडूक, पाली, उंदीर, प्रसंगी लहान पक्षीही ते खाते. तेव्हा ते साधू नव्हे, शिकारी आहे. परंतु उंदीर मारणाऱ्या मांजरीस आपण दूध पाजतो. तेच काम विनामोल करणाऱ्यास मात्र धुरी देतो! हिमायतनगर परिसरातील शेतकरी पालकांस उंदरांचा उपद्रव आम्ही काय सांगावा?

लेवीयाच्या पुस्तकात वाघूळ अभक्ष्यांत गणले आहे, हे खरे. पण जे खावयाचे नाही त्याचा छळ करावा, अशी आज्ञा तेथे नाही. खोटी साक्ष देऊ नये, अशी आज्ञा मात्र आपणांस आहे.

आणि खऱ्या रक्तपिपासूचे तरी काय? जेराल्ड विल्किन्सन ह्यांनी कोस्टा रिकात केलेला अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. हे वाघूळ दोन-तीन रात्री उपाशी राहिले तर मरते. अशा वेळी पोट भरलेला सोबती आपण प्यालेले रक्त ओकून त्यास पाजतो, असे त्यांस आढळले. उपाशी शेजाऱ्यास आपल्या ताटातले देणारे आपणांत किती आहेत?

वाघळास हात मात्र कोणी लावू नये. त्याच्या चाव्याने रोग होण्याचे भय असते. पण दगडही मारू नये. त्याच्या मादीस वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते, व ते आईच्या अंगास बिलगून असते. एका दगडाने दोन जीव जातात, आणि तेही केवळ एका नावापायी.