गळ्याला मध, आवाजाला विश्रांती

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत मधाची बाटली हटकून दिसू लागते. गाणारे मध चाटतात, वक्तृत्व स्पर्धेतले वक्ते ज्येष्ठमध चघळतात. मधाने स्वरतंतूंना वंगण मिळते, असे कारणही सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

प्रथम गळ्याची रचना पाहू. घशाच्या खाली दोन वाटा फुटतात. मागे अन्ननलिका आणि पुढे श्वासनलिका. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. बोलताना ते पुरुषांत सेकंदाला सुमारे १०० ते १२५ वेळा आणि स्त्रियांत सुमारे २०० वेळा कंप पावतात. गिळताना मात्र ही वाट झाकली जाते. पाण्याचा एखादा थेंब चुकून तिकडे गेला तरी जोराचा ठसका लागतो. अर्थात, गिळलेला मध स्वरतंतूंना लागतच नाही. त्याचे वंगण कसे होणार?

मग मध निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. मधात पाणी असते फार तर पाचवा हिस्सा. बाकी बहुतेक सगळ्या शर्करा. म्हणून तो दाट असतो आणि घशाच्या अस्तरावर काही वेळ रेंगाळतो. गोडीमुळे लाळ सुटते व खवखव कमी वाटते. मधाने साधा खोकला कमी होतो, असे मुलांवरील चाचण्यांत आढळले आहे. २०१८ साली ब्रिटनमधील सरकारी वैद्यकीय मार्गदर्शिकेनेही अशा खोकल्यावर मध सुचवला. खोकताना स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात. खोकला थांबला की हे आपटणे थांबते. आवाजाला मधाचा फायदा होतो तो असा, आडवाटेने.

आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदावर, म्हणजे आवाज बसण्यावर, स्वतंत्र अध्याय आहे. त्यात कारणे सांगताना फार मोठ्याने बोलण्याचा उल्लेख आहे. आपण उपाय तेवढा उचलला आणि कारण विसरलो! साठ मुलांच्या वर्गात दिवसभर ओरडून शिकवायचे आणि रात्री चमचाभर मध घ्यायचा, याला आयुर्वेदही म्हणता येणार नाही आणि विज्ञानही.

म्हणून माझे मत असे: घसा खवखवत असेल तर मध खुशाल घ्यावा, पण बसलेल्या आवाजाला खरी गरज असते ती विश्रांतीची आणि भरपूर पाणी पिण्याची. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर डॉक्टरांना गळा दाखवावा. आणखी एक. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवण्याची आपल्याकडील रीत बंद झाली पाहिजे. मधात क्वचित घातक जिवाणूंची बीजे असतात. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार होऊ शकते.

घरच्या औषधाचा मान राखायचा, तर ते कोठे उपयोगी पडते आणि कोठे नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.