कट, काट आणि कतअ

किन्हीराजाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सोयाबीनची सोंगणी चालू असताना धुऱ्यावर बसून दादा आणि नववीतल्या नातवाचा वाद झाला. दादा म्हणाले, इंग्रजी 'कट' हा आपल्या अरबी 'कतअ'वरून गेला. कतअ म्हणजे कापणे. नातू म्हणाला, मुळीच नाही, तो संस्कृतातून गेला. 'काटना' बघा ना! दोन दिवस झाले, दादा नातवाशी बोलत नाहीत. (तीन दिवसांची हद्द दादांना आम्ही काय सांगावी!) 'खरे काय ते लिहा, घरात वाचून दाखवीन,' असे भगिनी म्हणतात.

खरे हे की दोघांचेही चुकले. अरबीतून इंग्रजीत गेलेले शब्द आहेत. शुगर, कॉटन, अल्जिब्रा हे त्यातलेच. पण ते कोणत्या भाषांतून कसे पोहोचले, ती वाट दाखवता येते. 'अल्-जब्र' लॅटिन ग्रंथांतून गेला. 'कट'ची अशी एकही पाऊलखूण अरबीकडे जात नाही. जुन्या इंग्रजीत तर हा शब्दच आढळत नाही. तेव्हा कापण्यासाठी आजच्या 'कार्व्ह'चे जुने रूप चाले. 'कट' लिखाणात दिसू लागतो तो 1300च्या सुमारास. तो स्कँडिनेव्हियाकडच्या बोलींतून आला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

नातवाच्या 'काटना'त मुळात 'र' आहे. संस्कृत कर्तन, कर्तरी. आपली कातर त्याच घरची. इंग्रजी 'कट'मध्ये तो 'र' कधीच नव्हता. तीन भाषांत आवाज जुळला, एवढेच. नाव जुळले म्हणून कुणी भाऊबंद होत नाही. आपल्याकडे एकेका गावात चार-चार शेख कुटुंबे असतात, ती सगळी एका आजोबांची थोडीच!

तरी 'कट' आता आपलाच झाला आहे. फोन कट होतो, खात्यातून पैसे कट होतात, आणि न्हाव्याकडे जाणारा 'कटिंगला चाललो' म्हणतो. मुंबईत अर्धा चहासुद्धा कटिंग.

पण दादांनी नाराज होऊ नये. त्यांचा कतअ इंग्रजांकडे गेला नाही, आपल्याकडे मात्र भरपूर आला. गझल जिथे तुटते, संपते, तो शेवटचा शेर मक्ता. शेराचे वजन तपासायला त्याचे तुकडे पाडतात, ती तकती. नाते तोडणे म्हणजे कतअ-तअल्लुक. इतिहासाच्या पुस्तकात दिल्लीच्या सुलतानांनी सरदारांना तोडून दिलेला महसुलाचा प्रदेश येतो, तो इक्ता. त्याच कुळातला, ठरलेल्या रकमेवर काम किंवा वसुली सोपवण्याचा मक्ता मराठीत इतका मुरला की 'मक्तेदारी' लिहिताना कुणाला अरबी आठवतही नाही.

यंदाची सोंगणी मजुरांना एकरी दर ठरवून दिली असेल, तर जुन्या मराठीत ती 'मक्त्याने दिली' असेच म्हटले असते. दादांचा शब्द इंग्लंडात नव्हता, त्यांच्याच धुऱ्यावर उभा होता.