नॉर्थ कॅरोलायनाचा कौल कोणी दिला?



अमेरिकी निवडणुकांवरील आपल्या लेखात नॉर्थ कॅरोलायनाची बोळवण एका वाक्यात झाली आहे: प्रतिनिधीगृहाच्या १४ पैकी १० जागा रिपब्लिकनांकडे, म्हणजे राज्य त्या पक्षाकडे झुकले. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. त्याच राज्यात २०२२ साली निकाल ७-७ असा बरोबरीचा होता. दोन वर्षांत लोकांचे मन फिरले म्हणावे, तर २०२४ मध्ये एकाच दिवशी, त्याच मतदारांनी ट्रम्प यांना जेमतेम ५१ टक्के मते दिली आणि गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना सुमारे ५५ टक्के. फिरवला गेला होता तो मतदारसंघांचा नकाशा.

२०२२ चा नकाशा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी आखला होता, कारण विधिमंडळाचा नकाशा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षपाती म्हणून फेटाळला होता. पण त्याच नोव्हेंबरात त्या न्यायालयाच्या दोन जागांची निवडणूक झाली (तिथे न्यायाधीशही मतपत्रिकेवर पक्षाचे नाव लावून उभे राहतात!), बहुमत ५-२ असे रिपब्लिकनांकडे गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने आधीचा निकाल फिरवला. विधिमंडळाला रान मोकळे झाले. ग्रीन्सबरो शहर ज्यात येते ती गिलफर्ड काउंटी तोवर अखंड एका मतदारसंघात होती; तिचे तीन तुकडे करून ते आजूबाजूच्या ग्रामीण पट्ट्यांना जोडले. तिथल्या खासदार कॅथी मॅनिंग पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत आणि त्या सहाव्या मतदारसंघात डेमोक्रॅटांनी उमेदवारही दिला नाही. शार्लट भागातले जेफ जॅक्सन यांचा मतदारसंघही असाच हातचा गेला. ते राज्याच्या ॲटर्नी जनरलपदासाठी उभे राहिले आणि निवडून आले. म्हणजे स्वतःच्या मतदारसंघात ज्यांना जागा ठेवली नाही, त्यांना अख्ख्या राज्याने निवडून दिले. हे झुकलेल्या राज्याचे लक्षण आहे काय?

यावर एक उत्तर हमखास येते: डेमोक्रॅट शहरांत दाटीने राहतात, त्यामुळे त्यांना जागा कमीच मिळणार. त्यात थोडे तथ्य आहे, पण किती, हे ड्यूक विद्यापीठाचे गणिती जोनाथन मॅटिंग्ली यांनी तपासले आहे. २०१६ च्या नकाशाने १३ पैकी १० जागा रिपब्लिकनांना दिल्या होत्या. मॅटिंग्ली यांनी पक्षाचा विचार न करता चोवीस हजारांहून अधिक नकाशे संगणकावर आखले. त्यांतल्या एक टक्क्याहूनही कमी नकाशांत १०-३ हा निकाल निघाला. शिवाय तो नकाशा करणाऱ्या समितीचे सहअध्यक्ष डेव्हिड लुईस यांनी हेतू लपवलाही नव्हता. ११-२ होईल असा नकाशा काढता येईल असे वाटत नाही, म्हणून १०-३ सुचवतो, हे त्यांनी समितीतच सांगितले. आणि तरीही २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५-४ मतांनी ठरवले की पक्षीय हेतूने केलेली आखणी हा संघराज्याच्या न्यायालयांचा प्रश्नच नाही.

दुसरे उत्तर, ‘डेमोक्रॅटही हेच करतात’. करतात. शार्लटपासून महामार्गाच्या कडेने चिंचोळ्या पट्टीसारखा पसरलेला, १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेला बारावा मतदारसंघ डेमोक्रॅटांच्या विधिमंडळानेच आखला होता. इलिनॉयचा आजचा नकाशाही त्यांचाच. पण याने फार तर नेत्यांची फिटंफाट होते. ग्रीन्सबरोच्या मतदाराच्या पदरात इलिनॉयमधून काय पडणार?

उमेदवारांनी मतदारसंघ आखायचे, ही मुळात दुखण्याची जागा आहे. आपल्या भारतातल्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण तिथे अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती असतात आणि सोबत बसणाऱ्या खासदार-आमदारांना मताचा अधिकार नसतो. मिशिगनच्या लोकांनी २०१८ मध्ये सार्वमत घेऊन आखणीचे काम नागरिकांच्या आयोगाकडे सोपवले. नॉर्थ कॅरोलायनात ती वाटही बंद आहे. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव जनतेला थेट मांडता येत नाही, तो विधिमंडळातूनच यावा लागतो; आणि विधिमंडळाच्या स्वतःच्या मतदारसंघांचे नकाशेही तेच विधिमंडळ काढते. गव्हर्नरला या नकाशांवर नकाराधिकार नाही, त्यामुळे स्टाइन यांचे ५५ टक्के इथे निरुपयोगी.

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये जनगणना नसताना, न्यायालयाचा आदेश नसताना पुन्हा नकाशा बदलता आला. या वेळी लक्ष्य होते ईशान्येचा पहिला मतदारसंघ. १९९२ पासून तिथून कृष्णवर्णीय डेमोक्रॅट निवडून येत आहेत आणि २०२४ मध्ये डॉन डेव्हिस यांनी तो दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने राखला होता. १०-४ चे ११-३ करायचे, एवढाच हिशेब.

तेव्हा एक विनंती. २०२६ चे निकाल छापताना या पहिल्या मतदारसंघाच्या आकड्यांशेजारी नकाशा बदलल्याची तारीखही द्यावी.

— एक वाचक, नाशिक