वाटाड्या कोणाचा?

१९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने प्रेक्षकांच्या हाती रेडिओची छोटी यंत्रे दिली, तेव्हा सर्वांना एकाच क्षणी एकाच चित्राची माहिती ऐकू येई आणि सारा जमाव एकदमच पुढच्या चित्राकडे वळे. आज हा वाटाड्या मोबाईलमध्ये आला आहे. ज्याने त्याने आपल्या गतीने चालावे, एवढे स्वातंत्र्यही मिळाले आहे. परंतु एकच सरासरी प्रेक्षक गृहीत धरण्याची खोड गेलेली नाही. हा सरासरी मनुष्य बहुधा शहरी, इंग्रजी वाचणारा, धडधाकट आणि नव्या फोनचा धनी असतो.

अजिंठ्याचेच पाहा. एस.टी.ने आलेल्या शेतमजूर बाईंना अक्षरे वाचता येत नसतील, पण नोटेवरचा आकडा कळतो. सतरा क्रमांकाच्या लेण्यापाशी तोच आकडा दाबताच मराठीत निवेदन सुरू झाले, तर त्यांना दुसऱ्या खुणेची गरज नाही. अंध प्रवाशाला चित्राच्या वर्णनाआधी उंबरठा केवढा आणि खांब कोठे, हे हवे. कर्णबधिरास खुणांच्या भाषेतील चित्रफीत हवी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यानंतर ही दयाबुद्धीची बाब उरलेली नाही.

आणि मराठवाड्यातील बौद्ध उपासक? तो १९५६ च्या धर्मांतराचा वारसा घेऊन येतो. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यातील बुद्धमूर्ती त्याच्या लेखी वाकाटककालीन शिल्पाचा केवळ नमुना नसून वंदनेचे स्थान आहे. त्याच्याशी कोणत्या सुरात बोलावे, हे पडद्यावरील बटणांच्या मांडणीने (तंत्रज्ञ तिला ‘इंटरफेस’ म्हणतात) ठरत नाही. संहिता कोण लिहितो, यावर ठरते. लोक काय विचारतात, हे तेथील मार्गदर्शकांना आणि पालखीवाल्यांना जितके ठाऊक असते, तितके मुंबईतील कंत्राटदाराला नसते. संहिता लिहिताना त्यांना मोबदला देऊन बसवावे. नाहीतर हे यंत्र त्यांचेच ज्ञान घेऊन त्यांचीच भाकर काढून घेईल.

खर्चाचे रडगाणे मला पटत नाही. निवेदन एकदा मुद्रित झाले, की आणखी एका श्रोत्यासाठी येणारा खर्च नगण्य असतो. अशा वस्तूवर शुल्क लावणे म्हणजे टंचाई नसताना ती निर्माण करणे होय. तेव्हा शासनाने हे निवेदन विनामूल्य द्यावे. ते फर्दापूरच्या बसथांब्यावरच फोनमध्ये उतरवून घेता यावे, कारण पुढे दरीत संपर्क मिळेलच असे नाही. आणि ज्याच्यापाशी फोन नाही, त्याला तो तिकीटखिडकीवर उसना मिळावा.